रेडिओच्या पाठीमागची दोन भोकं

गेल्या वर्षी आजीला पंचाऐंशीवं लागलं आणि आम्हा भावंडांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वर्गणीची चर्चा सुरू झाली. आजी कराडजवळच्या गावात राहते. डोळ्यांच्या मधलं दिसणं गेलंय, कडेचं धूसर तेवढं राहिलंय. टीव्ही तिने स्वतःहून सोडला, वर्तमानपत्र त्याआधीच सुटलं होतं. राहिला रेडिओ. पण तिच्या छोट्या ट्रान्झिस्टरवर आकाशवाणी सांगली लावलं, की घरातले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर मिळून एवढी खरखर करतात की निवेदकाचं नावही कळत नाही. म्हणून तिला स्मार्ट स्पीकर घ्यायचा, तोंडाने सांगितलं की लागेल, असं ठरलं. प्रश्न एकच होता: तीस हजारांच्या वरचा घ्यायचा की पाच हजारांच्या आतला?

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे 'तुला कळतं त्यातलं' म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. (इन्व्हर्टर, वॉशिंग मशीन आणि बोअरची मोटर हे सगळं आमच्या डिग्रीला शिकवतात असा घरच्यांचा समज आहे.) मी नेहमीप्रमाणे रिव्ह्यू वाचायला बसलो. आठवडाभर वाचून एवढंच कळलं की महागाचा आवाज चांगला असतो आणि स्वस्ताला पैसे कमी पडतात. मग मी उलट्या बाजूने सुरुवात केली. ह्या घरात आवाजाच्या डब्यासाठी याआधी एकदा ऐपतीबाहेरचे पैसे खर्च झालेले आहेत. तेव्हा त्या पैशांचं काय मिळालं होतं?

तो डबा म्हणजे आजोबांचा मर्फी. १९६१ साली घेतलेला, पाच व्हॉल्व्हचा, लाकडी. आजोबा साखर कारखान्यात कारकून होते आणि आजीच्या सांगण्यानुसार रेडिओला त्यांचे तीन पगार गेले. "तीन महिनं भाजीला तेल मोजून घातलंय मी," हे वाक्य ती अजूनही त्या रेडिओकडे तोंड करून म्हणते.

तीन पगार का? बिनमहत्त्वाच्या चैनीसाठी आजोबा असे पैसे उडवणारे नव्हते. त्यासाठी त्या दशकात रेडिओवर काय चाललं होतं ते बघायला लागतं. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खातं बाळकृष्ण केसकर यांच्याकडे होतं. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा कट्टर भक्त. सिनेमाची गाणी त्यांना हलकी वाटत आणि त्यांच्या कारकिर्दीत ती आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते मग सरळ समुद्रापलीकडे गेले. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली होती. शेवटी सरकारला माघार घ्यावी लागली आणि ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती निघालं.

आता यातली तांत्रिक बाब बघा. सिलोन काय किंवा सुरुवातीचं विविध भारती काय, ते शॉर्टवेव्हवर यायचं. जवळचं पुणे केंद्र मीडियम वेव्हवर. एकाच बँडचा स्वस्त सेट घेतला तर घरात पुणे येईल आणि गाणी येणार नाहीत. जास्त बँड, जास्त व्हॉल्व्ह, स्टेशन नीट जुळलं की मिटत जाणारा तो हिरवा 'मॅजिक आय' या सगळ्याला पैसे पडत. म्हणजे जास्त पैसे देणाऱ्याला जास्त लांबचं ऐकू यायचं. पैशाने पल्ला विकत मिळायचा, आणि तो पल्ला त्या लाकडी पेटीच्या आत असायचा. आजोबांनी तीन पगार कोलंबोपर्यंतच्या अंतरासाठी दिले होते.

एक गोष्ट मात्र त्याआधीची. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. माडगूळकर आणि फडके, आठवड्याला एक नवं गाणं, एकूण ५६. आजी तेव्हा सोळा वर्षांची, माहेरी. गावात रेडिओ एकच, आणि तो ज्यांच्या ओसरीवर होता त्यांच्या अंगणात अर्धा गाव उभा राहायचा. आजी म्हणते, रेडिओ कुणाचा याला तेव्हा अर्थच नव्हता, कानावर पडलं की झालं. पुढे लग्न होऊन आल्यावर घरात स्वतःचा रेडिओ हवा हा हट्ट मूळचा तिचा होता, असा माझा संशय आहे. ती कबूल करत नाही.

आता आजच्या डब्याकडे येतो.

ब्रॅड स्टोन या पत्रकाराच्या 'अॅमेझॉन अनबाउंड' या पुस्तकात एका ईमेलची हकीकत आहे. २०११ च्या जानेवारीत जेफ बेझोस यांनी आपल्या काही सहकाऱ्यांना लिहिलं की आपण वीस डॉलरचं एक यंत्र बनवायला हवं, ज्याचा मेंदू क्लाउडमध्ये असेल आणि जे पूर्णपणे आवाजावर चालेल. माझ्या मते आमच्या ग्रुपवरच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या एका ईमेलमध्ये आहे. मेंदू डब्यात नसेल हे डबा जन्माला यायच्या आधीच ठरलं होतं. म्हणूनच तो वीस डॉलरचा असू शकतो, असं त्यामागचं गणित होतं.

प्रत्यक्षात ६ नोव्हेंबर २०१४ ला इको आला तो १९९ डॉलरचा. नळकांड्यासारखा, डोक्यावर सात मायक्रोफोन. २०१६ मध्ये डॉट आला आणि त्याच वर्षाच्या शेवटापर्यंत त्याची दुसरी आवृत्ती ५० डॉलरवर आली. भारतात २०१७ च्या शेवटी हे कुटुंब आलं तेव्हा डॉट ४,४९९ रुपयांना, इको ९,९९९ ला आणि इको प्लस १४,९९९ ला होता. तिप्पट किंमत, पण तिन्हींना प्रश्न विचारला तर उत्तर देणारी अलेक्सा तीच.

हे कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. स्पीकरमधली छोटी चिप सतत एकाच गोष्टीसाठी कान लावून बसलेली असते, ती म्हणजे त्याचं नाव. नाव ऐकलं की पुढचं तुमचं बोलणं बहुतेक वेळा इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर जातं, तिथे त्याचं मजकुरात रूपांतर होतं, अर्थ लावला जातो आणि उत्तर परत येतं. स्वस्त आणि महाग स्पीकरचं बोलणं शेवटी एकाच दारात जातं. महागात मायक्रोफोन चांगले किंवा जास्त असतात, त्यामुळे पंखा, मिक्सर, दुसऱ्या खोलीतून मारलेली हाक यातून तुमचा आवाज वेगळा काढायला त्याला सोपं जातं. फरक खरा आहे, पण तो ऐकण्यातला आहे, समजण्यातला नाही.

मग महागात पैसे कशाचे? आवाजाचे, आणि इथे भौतिकशास्त्र अजिबात सवलत देत नाही. एक सप्तक खाली तितक्याच जोरात वाजवायचं तर स्पीकरला चौपट हवा ढकलावी लागते. पावणेदोन इंचाच्या पडद्याने डग्ग्याचा घुमारा काढायचा म्हणजे वाटीने विहीर उपसण्यासारखं आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत अॅपलने होमपॉड विकायला काढला तेव्हा आत चार इंचाचा वूफर आणि सात ट्विटर होते, किंमत ३४९ डॉलर. त्याच्या दोन महिने आधी गुगलचा होम मॅक्स आला होता, साडेचार इंचाचे दोन वूफर, ३९९ डॉलर. दोन्हींच्या आवाजाची तारीफ झाली. गुगलने मॅक्स २०२० च्या डिसेंबरात बंद केला, अॅपलने पहिला होमपॉड २०२१ च्या मार्चमध्ये. दोन वर्षांनी नवा होमपॉड आला, भारतात ३२,९०० रुपयांना.

स्वस्त डब्यांचं चांगलं चाललं होतं असंही नाही. 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने २०२४ मध्ये छापलं की २०१७ ते २०२१ या काळात अॅमेझॉनच्या उपकरण विभागाला २५ अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला. डबा स्वस्तात द्यायचा, मग लोक त्याच्याशी बोलून खरेदी करतील, हा हिशेब होता. लोकांनी त्यावर टायमर लावले, हवामान विचारलं, गाणी ऐकली. त्यामुळे ४,४९९ ही डॉटची पूर्ण किंमत कधीच नव्हती, उरलेली कुणीतरी दुसरा भरत होता. ती वसूल करायची वेळ आता आलीय. २०२५ मध्ये अॅमेझॉनने नवी अलेक्सा जाहीर केली, प्राइमचे सदस्य नसलेल्यांसाठी महिना १९.९९ डॉलर. त्याच वर्षी २८ मार्चपासून, काही इको स्पीकरवर आवाजाचं रेकॉर्डिंग कंपनीकडे न पाठवण्याचा जो पर्याय होता, तो काढून टाकला. महाग घेतलं म्हणून ही काळजी मिटते असं नाही. सिरीने न बोलावता ऐकल्याच्या खटल्यात अॅपलने २०२५ च्या सुरुवातीला आरोप नाकारत साडेनऊ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली.

आजोबांनाही रेडिओ घेतल्यानंतर दर वर्षी पोस्टात जाऊन लायसन्सचे पैसे भरावे लागायचे. ते पुस्तक अजून कपाटात आहे. पण पैसे थकले म्हणून रेडिओ स्वतःहून मुका झाला नसता, आणि तो आमच्या घरातलं काही ऐकत नव्हता.

एवढं वाचून झाल्यावर मी एक उद्योग केला. माझ्याकडे पहिल्या बोनसमधून घेतलेला एक महाग स्पीकर होता (कंपनी सांगत नाही, पुढे त्याची तक्रार येणार आहे). ऑफिसातल्या मित्राकडून त्याचा जुना, पापडाच्या डब्याएवढा स्वस्त स्पीकर आणला. दोन्ही घेऊन गणपतीत गावी गेलो आणि माजघराच्या फळीवर शेजारी शेजारी ठेवले. आजीला दिसत नसल्याने ही आपोआप अंध चाचणी झाली, हे तिलाच आधी सुचलं आणि ती बराच वेळ हसली.

माजघराचं छत उंच, फरशी शहाबादी, आवाज घुमतो. त्यात म्हाताऱ्या कानांना वरच्या पट्टीतलं, म्हणजे स, श, त, ट यातलं अंतर कमी कळतं. छोट्या डब्यावर बातम्या लावल्या तर आजीला आकडे कळेनात. मोठा लावला आणि ती सावरून बसली. "ह्यात मानूस म्होरं बसून बोलतोय," म्हणाली. एक जुनं नाट्यपद लावलं तर ऑर्गनचे खालचे सूर तिने हाताने दाखवले. इथे वाद नव्हता. तीस हजारांचा फरक माझ्या आजीला पहिल्या मिनिटात ऐकू आला.

मग मी तिला म्हटलं, आता तूच त्याला सांग. दोन्ही डब्यांना मराठी येत नव्हतं, हिंदी येत होतं. आजीचं हिंदी म्हणजे सिनेमातलं, तेही साठ साली पाहिलेल्या. ती म्हणाली, "सांगली लाव की रं." लहान डबा म्हणाला, माफ कीजिए. मोठ्या डब्याने हाक जरा लवकर ऐकली, आणि मग तोही भारदस्त, घुमणाऱ्या आवाजात म्हणाला, माफ कीजिए.

"ह्यो पन तसलाच ठोंब्या," आजी म्हणाली. "नुस्ता आवाज मोठ्या घरचा."

आणखी एक गंमत दुसऱ्या दिवशी झाली. दुपारी गावातलं ब्रॉडबँड गेलं. दोन्ही डबे एकसारखे गप्प. आजीचा खरखरता ट्रान्झिस्टर तेवढा चालू.

आता ती तक्रार. माझा महाग स्पीकर पाच वर्षांचा झाला तेव्हा एका अपडेटनंतर त्याचं निम्मं काम बंद पडलं. दुरुस्तीला विचारलं तर उत्तर आलं की या मॉडेलला आता सपोर्ट नाही, नवीन घेतलात तर सूट देऊ. आतला वूफर ठणठणीत. मीही सॉफ्टवेअर लिहितो, जुन्या गोष्टींचा सपोर्ट काढून टाकण्याच्या मीटिंगांत मी मान डोलावलेली आहे, त्यामुळे माझा राग फार शुद्ध नव्हता. पण रागच होता.

हे माझ्यापुरतं नाही. सोनोस ही महाग स्पीकरांमधली मानाची कंपनी. तिने २०२० च्या जानेवारीत जाहीर केलं की आपल्या जुन्या मॉडेल्सना मे महिन्यानंतर नवे अपडेट मिळणार नाहीत. त्यातली काही अगदी पाच वर्षांपूर्वीपर्यंत विकली जात होती. त्याआधी तिची एक योजना होती: जुना स्पीकर 'रिसायकल मोड'मध्ये टाका, तो कायमचा निकामी होईल, बदल्यात नव्यावर ३० टक्के सूट. चालणारा स्पीकर मालकाच्याच हाताने मारायचा. ओरड झाल्यावर कंपनीने दोन्ही बाबतींत पाऊल मागे घेतलं. हरमन कार्डनचा इन्व्होक नावाचा १९९ डॉलरचा स्पीकर २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कोर्टानाला घेऊन आला होता. २०२१ मध्ये त्यातून कोर्टाना निघून गेली आणि एक साधा ब्लूटूथ स्पीकर उरला. त्याचं नशीब बरं म्हणायचं.

लाकूड, चुंबक आणि कागदाचा पडदा पन्नास वर्षं टिकतात. वरचा मेंदू पाच-सात वर्षांचा. या दोन वयाच्या गोष्टी एकाच खोक्यात चिकटवून बंद केल्या की महाग भागाला स्वस्त भागाचं आयुष्य मिळतं.

पूर्वीच्या लोकांना हे माहीत होतं बहुधा. आजोबांचा मर्फी मी पुण्याला तपकीर गल्लीत एका रेडिओवाल्या काकांकडे नेला. त्यांनी पाठीमागचा पुठ्ठा काढला आणि दोन छोटी भोकं दाखवली, बाजूला 'पी.यू.' अशी अक्षरं. पी.यू. म्हणजे पिक-अप. तिथे ग्रामोफोनची वायर जोडायची आणि रेकॉर्ड रेडिओच्या स्पीकरवर वाजवायची. म्हणजे १९६१ च्या त्या पेटीला तिच्या कंपनीने न बनवलेल्या यंत्रासाठीही एक दार ठेवलेलं होतं. मी लगेच विचारलं, मग इथे मोबाइल जोडला तर? काका म्हणाले, "जोडा की. पण हा एसी-डीसी सेट आहे, चॅसिस थेट मेन्सवर. आधी विमा काढा."

त्या दाराचा नंतरचा अवतार तुम्ही पाहिलाय. साडेतीन मिलिमीटरचं गोल भोक, ट्रान्झिस्टरच्या इअरफोनसाठी रूढ झालेलं, पुढे वॉकमनमध्ये, मग फोनमध्ये. स्मार्ट स्पीकरच्या इतिहासात ते आलं आणि गेलं. सुरुवातीच्या डॉटला ते होतं: मेंदू आमचा घ्या, स्पीकर तुमचा जोडा. गुगलने २०१५ मध्ये ३५ डॉलरचा क्रोमकास्ट ऑडिओ काढला, कुठल्याही जुन्या स्पीकरला इंटरनेटशी जोडणारी चकती, आणि २०१९ च्या जानेवारीत बंद केला. होमपॉडला तर आवाज आत घ्यायला भोक नव्हतंच. २०२२ च्या डॉटमधूनही ते गेलं. प्रीमियम की बजेट या वादात हा बदल कुठल्याच रिव्ह्यूमध्ये मला ठळक दिसला नाही, आणि मला तर तोच सगळ्यात महाग पडलेला बदल वाटतो. हे भोक असेल तर त्या वादात पडायचंच कारण नाही.

आम्ही शेवटी काय केलं ते सांगतो. मित्राचा तोच जुना, भोकवाला डबा १,२०० रुपयांत घेतला. काकांकडून एक छोटा अँप्लिफायर आणि दोन सेकंडहँड लाकडी स्पीकर, पाच इंची, मिळून ५,८०० ला. वायर ८० रुपये. उरलेल्या वर्गणीतून ब्रॉडबँडच्या राउटरला बॅटरी बॅकअप बसवला.

भाषेचा प्रश्न राहिला होता. तो सोडवताना माझी डिग्री पहिल्यांदा घरच्यांच्या उपयोगी पडली असं म्हणता येईल. आजी "सांगली लाव" म्हणाली की डबा ते हिंदी समजून चुकीचं ऐकायचा. पण लॉग बघितल्यावर लक्षात आलं की तो दर वेळी जवळपास सारखंच चुकीचं ऐकतोय. मग मी ती चारही चुकीची वाक्यं रूटीनमध्ये टाकली आणि प्रत्येकाला तेच स्टेशन जोडलं. दुसऱ्या एका चुकीला विविध भारती. "बास कर" हे मात्र त्याला कसं कुणास ठाऊक बरोबर कळतं.

तरी ती बंद करताना बोलत नाही. अँप्लिफायरला आवाजाचा एक गोल खटका आहे, शेवटपर्यंत फिरवला की टक् करून बंद होतो. मर्फीला होता तसाच. काकांकडे बटणवाला अँप्लिफायर स्वस्त होता, पण हा मी मुद्दाम घेतला. रात्री नऊच्या सुमारास आजी भिंतीला धरून फळीपाशी येते, हाताने चाचपत आधी मर्फीचं लाकूड, मग शेजारचा खटका, आणि फिरवते. फोनवर बोलत असलो तर तो टक् मला पुण्यात ऐकू येतो.